गाव पाहायला निघण्यापूर्वी

नोव्हेंबरात शाळांना मोठी सुट्टी लागली, की आपल्या बेटावरून मुंबईला जाणाऱ्या विमानांत मराठी कुटुंबांचे आणि मंडळांचे गट दिसू लागतात. बेत बहुधा पंधरा दिवसांचा असतो. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, शिर्डी, पुण्याचा शनिवारवाडा, जमल्यास वेरूळ-अजिंठा, आणि शेवटचे दोन दिवस दादरच्या बाजारासाठी राखून ठेवलेले. साड्या, गणपतीचे अलंकार, मसाले, लोणची यांनी पेट्या भरतात आणि मंडळी सुखरूप परत येतात. यात वावगे काहीच नाही. देवदर्शन हे देवदर्शन आहे, आणि दादरची खरेदी ही तर आपल्या भगिनींनी वर्षभर मनात जपलेली गोष्ट असते!

परंतु अशा एका सहलीहून परतलेल्या एका कॉलेजकन्येला मी सहज विचारले, “तिकडे मराठी किती बोललीस?” ती म्हणाली, “काका, एकदाच. हॉटेलात पाणी मागितले. त्या मुलाने हिंदीत उत्तर दिले, मग पुढे मी बोललेच नाही.” ही मुलगी येथे आठ वर्षे मराठी शिकलेली. गणपतीत आरत्या पाठ म्हणणारी. तिच्या त्या “मग बोललेच नाही” या शब्दांनी मला विचारात पाडले. मराठी मुलखात पंधरा दिवस राहूनही जर आपल्या मुलांची मराठी पेटीत बंद राहत असेल, तर तिकिटांवर खर्च केलेल्या रुपयांचे आपण काय केले, हा प्रश्न मंडळांनी स्वतःला विचारायला हवा.

यात्रा, सहल आणि अभ्याससहल हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. यात्रेला जाणारा काही मागायला किंवा फेडायला जातो. सहलीला जाणारा विसावा घ्यायला जातो. अभ्याससहलीला जाणाऱ्याजवळ मात्र आधीपासून एखादा प्रश्न असावा लागतो, आणि त्याचे उत्तर ज्यांच्याजवळ आहे अशा माणसांत चार दिवस राहावे लागते. ही कल्पना काही परकी नाही. साने गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात ‘आंतरभारती’चा विचार मांडला, तो याच जातीचा होता. एका प्रांतातील तरुणांनी दुसऱ्या प्रांतात जाऊन राहावे, तेथील भाषा शिकावी, त्यांचे सण आणि त्यांची दुःखे जाणावीत, असा तो ध्यास. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले. गुरुजींचा जन्म पालगडचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज ज्या मातीतून आले, त्याच मातीचा.

हल्ली भारत सरकारनेही परदेशस्थ भारतीयांच्या तरुण पिढीसाठी ‘नो इंडिया’ नावाचा सुमारे तीन आठवड्यांचा कार्यक्रम चालविला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तो सुरू झाला. तरुणांना एखाद्या राज्यात नेऊन उद्योग, खेडी, विद्यापीठे, कला दाखवितात आणि विमानभाड्याचा मोठा हिस्साही सरकार परत करते. ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य अर्ज करावा. मात्र तो कार्यक्रम साऱ्या जगातील भारतीयांसाठी आहे, आणि कोणते राज्य पाहायचे हे ठरविणे आपल्या हाती नसते. आपल्या घरचा विशिष्ट प्रश्न घेऊन जायचे, तर बेत आपणच आखला पाहिजे.

तो प्रश्न कोणता? बहुतेक घरांत तो एकच आहे: आपण आलो कोठून?

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कोकणात माणसाचे आडनावच त्याचे गाव सांगते. गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की आडनाव झाले. आमचे पूर्वज बोटीतून उतरले, तेव्हा कारकुनाने माणसाचे नाव आणि बापाचे नाव लिहून घेतले, आणि पुढच्या पिढ्यांत त्या पहिल्या माणसाचे नावच कुटुंबाचे आडनाव होऊन बसले. कोणाच्या खापरपणज्याचे ‘गोविंद’, कोणाच्या ‘सखाराम’, कोणाच्या ‘रामा’. नाव राहिले, गाव गळून पडले. याच्या उलट इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल मराठी बांधवांकडे पाहा. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे त्यांनी तेथे नेली. त्यांचा नातू आज अलिबागकडे आला, तर रोहे आणि पेण ही गावे त्याला नकाशावर शोधता येतात. आपला नातू मुंबईच्या विमानतळावर उतरतो, तेव्हा त्याच्याजवळ फक्त एका माणसाचे पहिले नाव असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की अभ्याससहलीचा पहिला टप्पा मुंबई नसून मोका आहे. महात्मा गांधी संस्थेत आप्रवासींच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, बोटीचे नाव, असे रकाने त्यांत आहेत. काही माणसांची छायाचित्रेही आहेत. वंशजांना आपल्या पूर्वजाचा उतारा तेथून मिळू शकतो. पण एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मुंबई बंदरातून आलेली माणसे कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडी, आणि त्यांतील बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आलेली. छायाचित्रे काढण्याची पद्धत १८६० नंतरच्या दशकातली, आणि सुरुवातीच्या नोंदी त्रोटक. तेव्हा आजोबांच्या आजोबांचा चेहरा पाहायला मिळेल अशी आशा धरून गेलात, तर कदाचित निराशा पदरी येईल. गावाचे नाव मिळाले तरी पुष्कळ झाले.

आणि ते नावसुद्धा सरळ मिळत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच कानांनी ऐकलेले आणि रोमन लिपीत लिहिलेले मराठी गाव ओळखणे हा एक अभ्यासच आहे. तो घरच्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून करावा. शब्द मोठ्याने वाचावा, चार तऱ्हांनी उच्चारून पाहावा. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी असेल, तर लक्षात ठेवावे की त्या काळचा रत्नागिरी जिल्हा दापोली-खेडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. १ मे १९८१ रोजी त्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. म्हणून कागदावर रत्नागिरी, आणि गाव मात्र आज सिंधुदुर्गात, असे सहज होते. सावंतवाडी तर तेव्हा स्वतंत्र संस्थानच होते. शिवाय एकाच नावाची गावे अनेक. नांदगाव म्हटले तर कणकवलीजवळ एक, मुरूडजवळ एक, आणि नाशिक जिल्ह्यात तिसरे! तालुका कळल्याशिवाय गाडीत बसू नये.

मोक्याहून पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जावे. १८४९ पासून तेथे आप्रवासी उतरविण्याचा डेपो होता, आणि १८३४ नंतरच्या सुमारे नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर आली. २००६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा ठरविले. आपण २ नोव्हेंबरला तेथे भाषणे ऐकतो. एकदा भाषणाशिवाय, मुलांना घेऊन, त्या सोळा पायऱ्यांवर नुसते उभे राहावे. आणि ओघात सांगतो, ज्या मुलाने ल मॉर्नचा डोंगर आणि त्यामागची गुलामांची कथा जाणली नाही, त्याला कोकणातला डोंगर दाखवायची घाई करू नये. शेजाऱ्याचे दुःख न ओळखता आपलेच कवटाळणे बरे दिसत नाही.

आता तिकडचे बोलू. डिसेंबरात जाणाऱ्याने दक्षिण कोकण धरावे, कारण आपली सुट्टी आणि तेथील जत्रांचा हंगाम नेमका जुळतो. कार्तिकात तुळशीची लग्ने झाली, की सिंधुदुर्गात गावोगाव देवस्थानांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार असतो. प्रारंभी गणपती येतो, संकासुर येतो, मग मुख्य आख्यान लागते. संवाद लिहिलेले नसतात. राजा, राक्षस, ऋषी आपापले बोलणे तेथल्या तेथे रचतात. पूर्वी हा खेळ उजाडेपर्यंत चाले. ज्या मुलाला पुस्तकी मराठी येते, त्याने एक रात्र जागून हे ऐकावे. अर्धे कळणार नाही. जे कळेल ते मात्र जन्मभर पुरेल.

कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला सांभाळली. चित्रांची पोथी समोर धरून एकेक पान उलटीत कथा गायची, ही ती चित्रकथी. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी स्वतःच्या जागेत संग्रहालय उभारले आहे. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि गंजिफाची रंगीत पाने करणारे कारागीर आहेत, मालवणला समुद्रात शिवरायांचा सिंधुदुर्ग उभा आहे. रत्नागिरीत लोकमान्यांचे जन्मस्थान सगळेच पाहतात. पण आपल्या मंडळींनी थिबा राजवाडाही पाहावा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, पुढे रत्नागिरीला आणून ठेवले, आणि १९१६ साली तो तेथेच वारला. ज्या किनाऱ्यावरून आमची माणसे समुद्रापार गेली, त्याच किनाऱ्यावर परक्या देशीचा राजा समुद्राकडे पाहत तीस वर्षे बसला. आमच्या माणसाने तेथे क्षणभर थांबायलाच हवे.

झाकरीचे मात्र डिसेंबरात जमणार नाही. आपल्या झाकरीला कोकणात जाखडी म्हणतात, आणि ती गणपतीची. पायांत घुंगरू बांधून गोल फेर, मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारा. रत्नागिरीकडे तिलाच बाल्यानाच म्हणतात, आणि शक्ती-तुऱ्याच्या दोन पक्षांत सवाल-जबाब रंगतात. ज्या मंडळाचा झाकरीचा संच आहे, त्याने एखाद्या वर्षी शाळेची रजा काढूनही भाद्रपदातच जावे, आणि पाहून येण्याबरोबर आपली झाकरी तिकडच्या अंगणात करून दाखवावी. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावाकडे लोटतात. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. तिकिटे फार आधी काढावी लागतात.

तेथे तुलना करताना एक सावधपणा हवा. तिकडचे ते खरे आणि आपले ते बिघडलेले, असे धरून चालू नये. लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ती १८९३ च्या सुमारास. आपले बहुतेक पूर्वज त्याआधीच निघालेले. कास्काव्हेलला १८९६ साली गणपती बसला, तो त्यांच्या आठवणीतल्या घरगुती पूजेचा. तेव्हा आज मुंबई-पुण्याच्या मंडपात जे दिसते, ते आपल्या चालीरीतींहून जुने असेलच असे नाही. आपल्याकडे विसर्जन बहुधा दुसऱ्या दिवशी होते. तिकडे दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा, अनंत चतुर्दशीपर्यंतचा, असे घराघराचे वेगळे. “तुमच्याकडे किती दिवस, आणि का?” एवढाच प्रश्न दहा घरांत विचारून उत्तरे वहीत लिहिली, तर आपल्या प्रथेवर कितीतरी प्रकाश पडेल.

पाहण्याची नजर कशी असावी, याचा धडा हवा असेल, तर इरावतीबाई कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख गटातल्या सर्वांनी निघण्यापूर्वी वाचावा. बाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत गेल्या. भजनात तल्लीन होणाऱ्या माणसांवर त्यांनी प्रेम केले, आणि त्याच माणसांच्या जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हेही स्पष्टपणे लिहिले. आपल्या मुलांनाही दोन्ही दिसू द्यावे. पूर्वजांनी गाव का सोडले असेल, याची काही उत्तरे त्या वेगळ्या पंगतीतही असू शकतात.

बेत आखताना स्थळे कमी करा. पंधरा दिवसांत पाच जिल्हे पाहणाऱ्याला बसच्या खिडक्याच आठवतात. दहा-बाराजणांचा गट असावा आणि एका गावात किमान चार दिवस राहावे. महाराष्ट्रात ‘निवास न्याहारी’ योजना आहे. तीत गावच्या घरीच उतरता येते. यजमानीणबाई स्वयंपाकघरात असतील तेथे मुलींनी आणि मुलांनीही जाऊन बसावे. हिंदीत उत्तर आले, तर हसून पुन्हा मराठीत विचारावे. शहरातला नोकर परका चेहरा पाहून हिंदीत बोलतो, त्यात अपमान नसतो. गावात मात्र आजीबाई मराठीशिवाय दुसरे बोलणारच नाहीत, आणि आमच्या मुलीला तेथे पेटी उघडावीच लागेल. तिच्या बोलण्यात एखादा क्रिओल सूर आला, तर आजीबाई विचारतील, “कुठची गो तू?” त्या प्रश्नाचे उत्तर मराठीत, तीन-चार वाक्यांत, बोटीपासून सुरू करून द्यायची तयारी येथूनच करून घ्यावी. तिकडच्या लोकांना आपल्याविषयी फार थोडे ठाऊक असते. सांगणारे कोणी गेलेच नाही, तर कळणार कसे?

येत्या डिसेंबरात ज्यांना जायचे आहे त्यांनी मोक्याचे काम आताच हाती घ्यावे. घरातील जुने जन्म-विवाहाचे दाखले गोळा करावेत. कित्येकदा जुन्या दाखल्यावर पूर्वजाचा आप्रवासी क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक मिळाला, तर वह्यांतला शोध फार सोपा होतो. दाखले बहुधा घरातल्या सर्वांत थोरल्या काकूंच्या कपाटात, लग्नाच्या साडीखाली सापडतात.