रिकाम्या तासाचे गणित : बैठक कक्ष आणि सामायिक कार्यालयांचे दर ठरतात कसे?

चेन्नई : एका टेबलासाठी अर्ध्या दिवसाचे ५० रुपये, पूर्ण दिवसाचे १०० रुपये आणि महिन्याचे २,५०० रुपये. चार जणांच्या बैठक कक्षासाठी तासाला १५० रुपये, तर सहा जणांच्या कक्षासाठी २५० रुपये. चेन्नईच्या कोळत्तूर भागात ४ नोव्हेंबर २०२४ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या ‘मुदल्वर पडैप्पगम’ या सरकारी सामायिक कार्यस्थळासाठी जाहीर झालेले हे दर आहेत. चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाने २ कोटी ८५ लाख रुपये खर्चून ही वास्तू उभारली. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका आणि घराबाहेर बसून काम करणाऱ्यांसाठी ३८ आसनांचे कार्यस्थळ, अशी तिची रचना आहे.

हे दर पाहून दोन प्रश्न उभे राहतात. इतके कमी दर परवडतात कसे? आणि खासगी कार्यालयांत त्याच टेबलासाठी, त्याच खोलीसाठी याच्या कितीतरी पट पैसे का मोजावे लागतात? घरून काम करणारे अभियंते, एकट्याने व्यवसाय करणारे सनदी लेखापाल, अनुवादक, वकील, नवउद्योजक अशा हजारो लोकांच्या मासिक खर्चात आता या भाड्याला जागा मिळाली आहे. म्हणूनच त्यामागचे गणित समजून घेणे उपयोगाचे ठरते.

न विकला गेलेला तास परत येत नाही

दुकानातील कापड आज खपले नाही तर उद्या खपते. बैठक कक्षाचा मंगळवारी सकाळी ११ ते १२ हा तास मात्र रिकामा गेला की कायमचा गेला. भाडे, वीज, सफाई आणि स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याचा पगार हा खर्च खोली भरलेली असो वा रिकामी, चालूच राहतो. विमानातील आसने आणि हॉटेलातील खोल्या यांनाही हाच नियम लागू होतो.

चेन्नईला हे तत्त्व नवे नाही. शहरातील कल्याण मंडपम्, म्हणजे आपली मंगल कार्यालये, मुहूर्ताच्या दिवशी महिनोन् महिने आधी आरक्षित होतात. आडी महिन्यात मात्र लग्ने होत नसल्याने ओस पडतात. चातुर्मासातील मंगल कार्यालये पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. सामायिक कार्यालयाचा ‘मुहूर्त’ म्हणजे आठवड्याच्या मधले दिवस आणि सकाळचा दुसरा प्रहर. त्याचा ‘आडी महिना’ म्हणजे शनिवारची दुपार. दरपत्रकात हा फरक दिसला नाही, तर गर्दीच्या वेळी ग्राहक परत जातात आणि इतर वेळी खोली रिकामी राहते.

हिशेब खर्चापासून, पण निकाल वापरावर

समजा, सहा जणांच्या एका कक्षावर जागेचे भाडे, वीज, इंटरनेट, देखभाल आणि कर्मचारी यांचा वाटा धरून महिन्याला ६०,००० रुपये खर्च येतो. महिन्याचे २६ दिवस, रोज नऊ तास, म्हणजे २३४ तास विक्रीसाठी उपलब्ध आहेत. सगळे तास विकले गेले तर तासाला सुमारे २५६ रुपयांत खर्च निघतो. पण सगळे तास कधीच विकले जात नाहीत. वापर ४० टक्के झाला तर सुमारे ९४ तासच पैसे देतात आणि तोच खर्च भरून काढायला तासाला जवळपास ६४० रुपये लावावे लागतात.

येथेच चालकाची खरी परीक्षा असते. दर ४५० रुपयांवर आणला तर खर्च भरून निघण्यासाठी १३३ तास, म्हणजे ५७ टक्के वापर हवा. दर ८०० रुपये केला तर ७५ तास, म्हणजे ३२ टक्के वापर पुरतो. मात्र तेवढे पैसे देणारा ग्राहक त्या परिसरात असायला हवा. कंपन्यांची कार्यालये दाटीने असलेल्या गिंडी किंवा राजीव गांधी सालै परिसरात तो मिळू शकतो. निवासी वस्तीत मिळेलच असे नाही. भाव ठरवणे म्हणजे प्रत्यक्षात वापराचा अंदाज बांधणे होय.

चेन्नईत या खर्चात आणखी एक भर पडते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ मधील ‘मिचौंग’ चक्रीवादळ या दोन्ही वेळी शहराच्या मोठ्या भागात वीज आणि दूरसंचार सेवा खंडित झाली होती. त्यामुळे जनरेटर आणि पर्यायी इंटरनेट जोडणी येथे चैन ठरत नाही. ग्राहक टेबलाइतकेच पैसे या खात्रीसाठीही मोजत असतो.

तास, दिवस आणि महिना

खासगी सामायिक कार्यालये साधारणपणे मासिक सदस्याला मोठी सवलत देतात. कारण उघड आहे : मासिक सदस्य येवो न येवो, उत्पन्न ठरलेले असते. एक दिवसाचा ग्राहक जास्त पैसे देतो. पण तो उद्या येईलच याची हमी नसते.

ही हमी नसणे महाग पडू शकते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये आधुनिक सामायिक कार्यस्थळाचा पहिला प्रयोग केला, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यात तेथे कोणीच फिरकले नव्हते. ‘वीवर्क’ने पुढे जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेऊन ती अल्प मुदतीने देण्याचा व्यवसाय जगभर पसरवला. ग्राहक जागा सोडू शकत होते, कंपनीचे भाडेकरार मात्र सुटत नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये या कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला.

कोळत्तूरचे दरपत्रक या प्रथेच्या उलट आहे. रोज १०० रुपये आणि महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे २५ दिवस येणाऱ्याला दोन्ही दर सारखेच पडतात. रविवार वगळून २६ दिवस येणाऱ्याची बचत अवघी १०० रुपयांची. शनिवार-रविवार सुटी घेऊन २२ दिवस येणाऱ्याला तर मासिक दर ३०० रुपयांनी महागच पडतो. हेतू काहीही असो, परिणाम असा होतो की गरज असेल त्या दिवशी येणाऱ्यावर भुर्दंड पडत नाही आणि ३८ आसने ३८ कायमच्या सदस्यांकडे अडकून राहत नाहीत. अनिश्चित उत्पन्नाचा भार सार्वजनिक संस्था पेलू शकते. भाडेकराराने बांधलेल्या खासगी चालकाला ते अवघड असते.

खोली टेबलापेक्षा महाग का?

दिवसाचे आठ तास धरले तर टेबलाचा दर तासाला साडेबारा रुपये होतो. चार टेबलांचे तासाचे ५० रुपये झाले असते. चार जणांच्या कक्षाला मात्र १५० रुपये आहेत. ही तिप्पट रक्कम दरवाजा, शांतता आणि एकाधिकार यांची आहे. कक्षात दोघेच बसले तरी उरलेल्या दोन खुर्च्या तिसऱ्याला देता येत नाहीत.

कक्षाच्या वेळापत्रकाचीही एक अडचण असते. एकाने साडेदहा ते साडेअकरा आणि दुसऱ्याने बारा ते एक अशी वेळ घेतली, तर मधला अर्धा तास कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. म्हणून अनेक ठिकाणी किमान एक तासाची किंवा ठरावीक वेळेलाच सुरू होणाऱ्या टप्प्यांची अट असते.

दर कमी असला की वेगळाच प्रश्न उद्भवतो. गमावण्यासारखे काही नसेल तर लोक ‘असू द्या’ म्हणून जागा आरक्षित करतात आणि येत नाहीत. नोंदवहीत खोली भरलेली, प्रत्यक्षात रिकामी आणि गरजू माणूस बाहेर. यावर भाववाढ हा एकमेव उपाय नाही. आगाऊ रक्कम, ठरावीक वेळेपर्यंत विनाशुल्क रद्द करण्याची मुभा आणि पहिल्या १५-२० मिनिटांत न आल्यास आरक्षण मोकळे करणे, हे नियम स्वस्त जागेची दारे खऱ्या गरजूंसाठी उघडी ठेवतात.

कराचा भार कोणावर?

खासगी कार्यालयाच्या भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तासाला ५०० रुपयांचा कक्ष प्रत्यक्षात ५९० रुपयांना पडतो. नोंदणीकृत कंपनीला सर्वसाधारणपणे या कराची वजावट मिळते. पण वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असल्याने नोंदणी न केलेल्या छोट्या सेवा व्यावसायिकाला ते ९० रुपये पदरचेच द्यावे लागतात. एकच दर मोठ्या कंपनीला स्वस्त आणि एकट्या व्यावसायिकाला महाग पडतो, तो असा.

सार्वजनिक दराचा अर्थ

कोळत्तूरची ३८ आसने वर्षभर मासिक दराने पूर्ण भरली, तरी त्यांचे उत्पन्न महिन्याला ९५,००० आणि वर्षाला ११ लाख ४० हजार रुपये होईल. दैनंदिन खर्च शून्य धरला तरी वास्तूचा २ कोटी ८५ लाखांचा खर्च केवळ या आसनांतून वसूल व्हायला २५ वर्षे लागतील. अभ्यासिका आणि बैठक कक्षांचे उत्पन्न वेगळे धरले, तरी हा दर खर्चवसुलीचा नाही, हे स्पष्ट आहे. ग्रंथालय किंवा उद्यानाप्रमाणे ही एक नागरी सेवा आहे आणि तिचे शुल्क बेजबाबदार वापर रोखण्यापुरते आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेच्या एका खुर्चीसाठी दरमहा पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाची धग ठाऊक आहे. महाराष्ट्रातील महापालिकांनी अशी केंद्रे उभारायचे ठरवले, तर शुल्क किती यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न असा : ही जागा कोणासाठी आहे आणि ती त्यांनाच मिळते आहे, हे कसे तपासणार? त्यासाठी किती आसने आरक्षित झाली याबरोबरच किती प्रत्यक्ष वापरली गेली आणि किती जणांना जागेअभावी परतावे लागले, याची नोंद ठेवून ती जाहीर करायला हवी. ती नसेल तर १०० रुपयांचा दर कोणाच्या कामी येतो आहे, हे कळणार नाही.