सर्पदंश आणि सात अक्षरांचा कोड

बत्तीस शिराळ्याची ओळख नागपंचमीमुळे झाली आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नागांच्या खेळांवर निर्बंध आणल्यानंतर या गावाविषयी जे काही लिहिले गेले, ते बहुतेक त्या सणाविषयीच होते. पण तालुक्यातल्या माणसाचा सापाशी खरा संबंध येतो तो शेतात. सांगली जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा, पावसाचा भाग. वारणा आणि मोरणेचे पाणी, चांदोलीचे जंगल, भाताची खाचरे आणि उसाचे फड. पावसाळ्यात वैरण कापताना हाताला, अंधारात बांधावरून येताना पायाला, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला कुठेही दंश होतो. पान लागलेला माणूस दवाखान्यात पोचला की त्याच्यावर काय काय केले गेले, हे केसपेपरवर उमटते. तिथून ते जिल्ह्याच्या, राज्याच्या आणि देशाच्या हिशेबात कोणत्या रूपाने जाते, याला फार थोडे लोक महत्त्व देतात. माझे म्हणणे असे की उपचारांची नोंद करण्याची वर्गीकरण पद्धत, म्हणजे प्रोसिजर कोडिंग, आपल्या सरकारी रुग्णालयांनी आता शिकायला हवी आणि त्या शिक्षणाची सुरुवात शिराळ्यासारख्या तालुक्यात, सर्पदंशापासून व्हायला हवी.

आधी उपचार पाहू. आपल्याकडे बहुतेक विषारी दंश चार सापांचे मानले जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांवर मिळून एकच प्रतिविष दिले जाते. रुग्णालयात त्याला एएसव्ही म्हणतात. राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार सुरुवातीला ८ ते १० कुप्या शिरेतून देतात. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात आणि ते गोठते का ते पाहतात. ही चाचणी ठरावीक तासांनी पुन्हा करावी लागते. मण्यारीच्या दंशात खूण जवळजवळ दिसत नाही. रात्री पोटात दुखू लागते, पहाटे पापण्या मिटू लागतात आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडली तर डायलिसिस लागते. पाय अतोनात सुजून आतला दाब वाढला तर क्वचित स्नायूंवरचे आवरण चिरून तो मोकळा करावा लागतो. एका दंशामागे इतकी कामे असतात आणि प्रत्येकाची वेळ, मात्रा, साधन वेगळे असते. डिस्चार्ज कार्डावर मात्र बरेचदा ‘सर्पदंश, एएसव्ही दिले, प्रकृती स्थिर’ एवढाच मजकूर उरतो.

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्रात उपचारांचे कोड आहेतच. ते खरे आहे आणि त्यांचा इतिहासही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पसरली आणि ९७१ उपचारांची यादी रुग्णालयांच्या टेबलावर आली. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि उपचारांची संख्या १३५६ वर गेली. या यादीभोवती एक नवे मनुष्यबळ उभे राहिले. आरोग्यमित्र, पूर्वपरवानगी मागणारे डॉक्टर, क्लेम भरणारे कर्मचारी. गावातल्या माणसालाही आता ‘पॅकेजमध्ये बसते का?’ हा प्रश्न विचारता येतो. पण पॅकेज म्हणजे दरपत्रक आहे. कोणत्या कामाचे किती पैसे मिळतील हे ते सांगते. काय केले गेले, कशावर, कोणत्या मार्गाने आणि किती वेळ, हे ते सांगत नाही आणि ते सांगण्यासाठी ते बनलेलेही नाही. दर बदलला की यादी बदलते, यादी बदलली की मागच्या वर्षाशी तुलना तुटते. शिवाय ज्या उपचाराचे पैसे मागायचे नाहीत, तो उपचार या यादीच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. सरकारी दवाखान्यात एएसव्ही घेऊन दुसऱ्या दिवशी घरी गेलेला शेतमजूर असा त्या हिशेबाबाहेर राहू शकतो.

वर्गीकरण ही दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. आजारांच्या वर्गीकरणाची परंपरा जुनी: फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मांडलेली मृत्यूच्या कारणांची यादी वाढत वाढत आजच्या आयसीडीपर्यंत आली. उपचारांच्या वर्गीकरणाला इतके नशीब लाभले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ मध्ये तसा एक प्रयत्न प्रसिद्ध केला, पण तो पुढे चालवला नाही आणि मग प्रत्येक देशाने आपापली वाट धरली. त्यांतली सर्वांत विचारपूर्वक बांधलेली आणि शिकणाऱ्याला सर्वांत जास्त घाम फोडणारी पद्धत म्हणजे अमेरिकेची आयसीडी-१०-पीसीएस. ती १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथल्या रुग्णालयांत भरती रुग्णांसाठी सक्तीची झाली. आधीच्या पद्धतीत चारेक हजार कोड होते, नव्या पद्धतीत सुमारे ७२ हजार. आकडा ऐकून छाती दडपते. पण हे कोड पाठ करायचे नसतातच, ते रचायचे असतात. प्रत्येक कोड सात अक्षरांचा आणि प्रत्येक जागेला नेमका अर्थ. शस्त्रक्रियेच्या विभागात पहिले अक्षर विभागाचे, दुसरे शरीरसंस्थेचे, तिसरे मूळ क्रियेचे, चौथे अवयवाचे, पाचवे मार्गाचे, सहावे आत ठेवलेल्या साधनाचे आणि सातवे उरलेल्या विशेष तपशिलाचे. शून्य आणि एक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून ओ आणि आय ही इंग्रजी अक्षरे वगळलेली. शस्त्रक्रियांसाठी मूळ क्रिया फक्त ३१ आणि प्रत्येकीची व्याख्या काटेकोर: अवयवाचा भाग काढला तर एक क्रिया, पूर्ण अवयव काढला तर दुसरी. मराठी व्याकरणातला क्रियापदांचा विचार ज्याला आवडतो, त्याला ही बांधणी आवडावी.

ती शिकताना माणसाला काय शिकावे लागते, हे सर्पदंशाच्या उदाहरणाने चांगले कळते. व्हेंटिलेटरचे या पद्धतीत तीन कोड आहेत. सलग २४ तासांपेक्षा कमी असेल तर ५ए१९३५झेड, २४ ते ९६ तासांसाठी ५ए१९४५झेड आणि ९६ तासांच्या वर गेले तर ५ए१९५५झेड. तिन्हींत फरक फक्त पाचव्या जागेचा. आता तास मोजायचे कुठून? नळी घालून व्हेंटिलेटर सुरू झाला त्या क्षणापासून. रुग्ण व्हेंटिलेटरवरच दुसऱ्या रुग्णालयातून आला असेल, तर तो दाखल झाला त्या क्षणापासून. म्हणजे शिराळ्यात नळी घालून रुग्णाला कराडला किंवा मिरजेला हलवले, तर कराडचा किंवा मिरजेचा हिशेब दारातून सुरू होतो आणि हलवण्याआधीचे काम शिराळ्याच्या नावावर राहते. डायलिसिसचेही तसेच: दिवसाला सहा तासांपेक्षा कमी, सहा ते अठरा आणि अठरापेक्षा जास्त असे तीन वेगळे कोड. पद्धतीचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी कोडच्या पुस्तकातले शब्द वापरावेत अशी सक्ती नाही. त्यांनी जे लिहिले त्यातून व्याख्येत बसणारी क्रिया ओळखणे हे कोडरचे काम. पण जे लिहिलेलेच नाही ते गृहीत धरण्याची मुभा कोडरलाही नाही. म्हणून ही पद्धत शिकवणे म्हणजे मुळात केसपेपर लिहायला शिकवणे आहे. नळी किती वाजता घातली, किती वाजता काढली, एएसव्हीच्या किती कुप्या, कोणत्या वेळी, नळीतले रक्त गोठले की नाही, हे सिस्टरने आणि डॉक्टरांनी लिहिले नाही तर पुढचे कोणतेच अक्षर बसत नाही.

हे कौशल्य आपल्या माणसांना जमेल का, ही शंका घेण्याचे कारण नाही, कारण ते त्यांना जमलेले आहे. पुणे आणि नवी मुंबईत अमेरिकी रुग्णालयांची बिले कोड करणारी कार्यालये आहेत. तिथे विज्ञान, फार्मसी, फिजिओथेरपी, होमिओपॅथी शिकलेली मराठी मुले-मुली कोडिंगची प्रमाणपत्र परीक्षा देऊन काम करतात. परक्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेतला मार्ग चुकला तर ती कागद परत पाठवतात. इतक्या बारकाईची तयारी असलेली माणसे जवळ असताना आपल्या तालुक्यातल्या रुग्णाची नोंद मात्र एका ओळीत आटोपते, याचे मला वाईट वाटते.

तरीही अमेरिकी पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. कोणतीही यादी बनवणारा आधी आपल्या अंगणातले पाहतो. अमेरिकेच्या आजारांच्या यादीत रॅटलस्नेकला स्वतंत्र कोड आहे, प्रवाळसापाला आहे, ऑस्ट्रेलियाच्या तायपानला आहे, नागालाही आहे. घोणस, मण्यार आणि फुरसे मात्र ‘इतर आफ्रिकी व आशियाई साप’ या एकाच खणात कोंबलेले. आंतरराष्ट्रीय आयसीडी-१० मध्ये तर सगळे सर्पविष टी ६३.० या एका कोडात संपते. आपल्या डॉक्टरसाठी हे तीन साप म्हणजे तीन वेगळे आजार आहेत. एकाच देशाच्या अंगणावरून बांधलेली यादी नको, म्हणून माझा कौल जागतिक आरोग्य संघटनेने विकसित केलेल्या इची या उपचार-वर्गीकरणाला आहे. तिचाही कोड सात अक्षरांचाच, पण बांधणी सुटसुटीत: तीन अक्षरे लक्ष्याची, दोन क्रियेची, दोन साधनाची. कशावर, काय, कसे. तिच्यात शस्त्रक्रियेबरोबर परिचारिकेचे काम, पुनर्वसन आणि सार्वजनिक आरोग्याची कामेही बसतात. शाळेत घेतलेला ‘रात्री बॅटरी आणि पायात बूट’ हा वर्गसुद्धा तिच्या दृष्टीने नोंद करण्याजोगे काम आहे. भारत या पद्धतीला परका नाही. मे २०२५ मध्ये आयुष मंत्रालयाने पारंपरिक उपचारांचा विभाग याच वर्गीकरणात आणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेशी करार केला. पंचकर्माला जागा मिळवून देण्याची तत्परता स्वागतार्ह आहे. तीच तत्परता एएसव्हीच्या कुपीसाठीही हवी.

नोंदीने फरक काय पडतो, याचा पुरावा सर्पदंशाच्याच इतिहासात आहे. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या दशलक्ष मृत्यू अभ्यासाने २०११ मध्ये दाखवले की २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने गेली. सरकारी आकडे त्याच्या जवळपासही नव्हते. २०२० च्या विश्लेषणात वीस वर्षांचा आकडा सुमारे १२ लाख निघाला. अशी मोजदाद पुढे आल्यावरच गोष्टी हलल्या. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घेतले, मार्च २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याचे राज्यांना सांगितले गेले. आता रकाना आला आहे, त्यात काय भरायचे हा प्रश्न आहे. एएसव्हीसाठीचे बरेचसे विष तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या घोणशीला हे प्रतिविष कितपत पुरे पडते, याचे उत्तर तालुक्या-तालुक्यांतून ‘इतक्या कुप्यांनंतर रक्त गोठले’ अशी सारखी नोंद जमली तरच मिळेल. सर्पदंशाने गेलेल्याच्या कुटुंबाच्या दृष्टीनेही कागद जड असतो. मृत्यूच्या दाखल्यावर नुसते ‘हृदय व श्वास बंद पडून’ लिहिले तर साप अदृश्य होतो आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात अनुदान योजनेतले दोन लाख रुपये मिळवताना घरच्यांना दारोदार फिरावे लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप कामाच्या ताणाचा आहे. रात्री एकच डॉक्टर, एकच सिस्टर, समोर झटके येणारा रुग्ण, अशा वेळी सात अक्षरे कोण लिहिणार? त्या वेळी कोणीच लिहू नयेत. त्या वेळी फक्त घड्याळ पाहून वेळ आणि मात्रा लिहावी. कोड दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने लावावा आणि त्या माणसाचे पद मंजूर असावे. अमेरिकेतही वैद्यक संघटनांनी हाच ओझ्याचा मुद्दा मांडला होता. नवी पद्धत २०१३ वरून २०१४ वर आणि तिथून २०१५ वर ढकलली गेली. शेवटी ती लागू झाली ती प्रशिक्षित कोडरांच्या बळावर. दुसरा आक्षेप संगणकाचा: यंत्रच मजकूर वाचून कोड लावेल, मग शिकायचे कशाला? यंत्र लिहिलेले वाचेल. नळी घालण्याची वेळ कागदावर नसेल तर ती यंत्रालाही सापडणार नाही. तिसरा आक्षेप गैरप्रकाराचा. कोडला पैसे चिकटले की केलेले काम फुगवून दाखवण्याचा मोह होतो, हे विमा योजनांत जगभर घडले आहे. म्हणूनच दरपत्रक आणि वर्गीकरण वेगळे ठेवायचे. शिराळ्याच्या सरकारी रुग्णालयातल्या एएसव्हीच्या कोडमागे एक रुपयाही मिळणार नसेल, तर तो फुगवण्यात कोणाचाच लाभ नाही.

एक आक्षेप मात्र पूर्णपणे खोडता येत नाही. २०११ च्या त्याच अभ्यासात सर्पदंशाने गेलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा रुग्णालयात मरण पावला होता. बाकीचे घरी, वाटेत, मांत्रिकाच्या दारात. रुग्णालयातली कितीही नेमकी नोंद त्यांना गाठणार नाही. त्यांच्यासाठी आशाताईंची वही, १०८ रुग्णवाहिकेची वेळनोंद आणि ग्रामपंचायतीचे मृत्यूचे रजिस्टर याच वर्गीकरणाला जोडावे लागेल. इचीमध्ये त्याला जागा आहे. रुग्णवाहिकेत दिलेला श्वासाचा आधार हाही उपचारच आहे. तालुक्याने सुरुवात करायची तर एका पावसाळ्यापुरती करावी: जून ते ऑक्टोबर, फक्त सर्पदंश, फक्त पाच-सहा उपचार, आणि महिन्यातून एकदा मेडिकल ऑफिसर, सिस्टर, आरोग्यमित्र आणि रुग्णवाहिकेचे डॉक्टर यांनी एकत्र बसून तेवढेच केसपेपर पुन्हा वाचावेत. कोणत्या कागदावरून कोड लावता आला नाही आणि त्यावर कोणती वेळ लिहायची राहिली, हे त्या बैठकीत कळेल आणि पुढच्या महिन्याचा केसपेपर त्या रकान्यासह छापता येईल.