निरगाठ, सुरगाठ आणि तीन बहुपदी

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जाईल असं बऱ्याच जणांनी कळवलं, कारण यात आकृत्या तोंडी सांगाव्या लागल्या. म्हणून हे लिखित रूप, थोडं साफसूफ करून. हाताशी फूटभर दोरी किंवा चार्जरची वायर असेल तर घ्या. ऐन मोक्याला लागेल.

सुरुवात घरातून करतो. मी अचलपूरला घरी आलो होतो. गोठ्यातल्या दाव्याला बसलेली गाठ मला काही केल्या सुटेना. आबा म्हणाले, "काऊन रे, इंजिनेर झाला न् एक गाठ नाही सुटून राह्यली? निरगाठ हाय ते. सुरगाठ मारली असती तं ओढली का मोकळी." मी म्हटलं, "आबा, ही सुटतच नाही." त्यावर आबा म्हणाले, "तुले सुटत नाही अन् सुटतच नाही, यात फरक हाय बाप्पा."

आजचा भाग या एका वाक्यावर आहे. गाठींचं गणित, म्हणजे नॉट थिअरी, याच फरकातून उभं राहिलं.

आधी गणितातली गाठ म्हणजे काय ते बघू. दाव्याला दोन टोकं असतात, त्यामुळे पुरेसा वेळ दिला तर प्रत्येक गाठ सुटते. म्हणून गणितात गाठ मारायची आणि दोन्ही टोकं एकमेकांना कायमची जोडून टाकायची. आता दोरी ताणा, वाकवा, फिरवा, फक्त कापायची नाही. एक बंद दोरी अशी हलवून दुसरीसारखी करता आली, तर दोन्ही एकच गाठ.

करून बघा. सुरगाठ मारा आणि टोकं जोडा. फास मागे ओढला की साधं कडं उरतं. म्हणजे गणिताच्या लेखी सुरगाठ ही गाठच नाही! अशा साध्या कड्याला अननॉट म्हणतात, आपण बिनगाठ म्हणू. आता एक साधी गाठ मारा, दोरी एकदाच स्वतःच्या वेढ्यातून ओवून, आणि टोकं जोडा. ही ट्रेफॉइल, तीन पाकळ्यांची. कागदावर काढली तर दोरी स्वतःला तीनदा ओलांडते. त्याहून कमी ओलांडण्यांत खरी गाठ बनतच नाही.

चार ओलांडण्यांची गाठही एकच, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. पाचच्या दोन, सहाच्या तीन, सातच्या सात, आठच्या एकवीस, नऊच्या ४९, दहाच्या १६५. यात आरशातली प्रतिमा वेगळी धरलेली नाही आणि दोन गाठी एकापुढे एक मारून बनलेल्या जोडगाठीही नाहीत. १९९८ मध्ये सोळा ओलांडण्यांपर्यंतची यादी पूर्ण झाली, ती सतरा लाखांच्या वर गेली.

एकापेक्षा जास्त कडी असतील तर त्याला लिंक म्हणतात. साखळीच्या दोन कड्या एकमेकींत अडकतात ती हॉफ लिंक. बोरोमियन कड्यांची गंमत याहून मोठी आहे. तिथे तीन कड्या असतात, त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींत अडकलेल्या नाहीत, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापली की उरलेल्या दोन आपोआप मोकळ्या. दोन-दोनच्या जोड्या तपासून तुम्ही 'सगळं मोकळं आहे' म्हणालात तर फसलात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख ओळखीचं असेल. प्रत्येक जोडी टेस्टमध्ये पास, आणि तिन्ही एकत्र आले की सिस्टीम बंद.

आता आबांचा प्रश्न. ट्रेफॉइल मला सुटत नाही की सुटूच शकत नाही? हजार वेळा प्रयत्न फसला तरी ते सिद्धतेत धरत नाहीत. याचा धडा याद्यांनीच दिला. दहा ओलांडण्यांच्या दोन गाठी कित्येक दशकं वेगळ्या म्हणून छापल्या जात होत्या. १९७४ मध्ये केनेथ पर्को या वकिलाने दाखवलं की ती एकच गाठ आहे. तोवर कुणाला जमलं नव्हतं, एवढंच.

मग 'अशक्य' कसं म्हणायचं? १९२७ मध्ये रायडमायस्टरने सांगितलं की दोरी कशीही हलवा, कागदावरच्या आकृतीत फक्त तीन प्रकारचे बदल होतात. एक पीळ घालणं किंवा काढणं, एक धागा दुसऱ्यावर सरकवणं किंवा मागे घेणं, आणि ओलांडणीच्या वरून किंवा खालून तिसरा धागा सरकवणं. म्हणजे या तिन्ही बदलांत न बदलणारी एखादी खूण सापडली की काम झालं.

सगळ्यात सोपी खूण रंगांची. आकृतीतला धागा खालून जातो तिथे तुटलेला दाखवतात. असे जे तुकडे पडतात त्यांना तीन रंग द्या. नियम दोनच. प्रत्येक ओलांडणीवर भेटणारे तीन तुकडे एकतर एकाच रंगाचे किंवा तिन्ही वेगळे हवेत, आणि एकूण किमान दोन रंग वापरलेले हवेत. रायडमायस्टरच्या तिन्ही बदलांनी 'रंगवता येतं की नाही' हे बदलत नाही. ट्रेफॉइल लाल-पिवळ्या-निळ्यात मस्त रंगते. बिनगाठीत एकच तुकडा, दुसरा रंग देणार कुठे? म्हणजे ट्रेफॉइल कधीच सुटणार नाही. आबा, ही सुटतच नाही!

पण सावध. आठाच्या आकड्याची गाठ या नियमाने रंगत नाही, तरी ती खरी गाठ आहे. टेस्टने काही पकडलं नाही म्हणजे काही नाहीच, असं होत नाही. म्हणून अलेक्झांडर, जोन्स अशा आणखी बारीक खुणा आल्या.

आता आपल्या जवळचा धागा. श्रीराम अभ्यंकर हे मराठी गणिती अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात होते आणि पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच सुरू केलं. १९७५ मध्ये त्यांनी मोह यांच्यासोबत दाखवलं की सपाट प्रतलात बहुपदींनी मांडलेली, स्वतःला न छेदणारी आणि कुठे टोक न येणारी रेषा बहुपदी बदलांनीच पुन्हा सरळ करता येते. मग तीन मितींत काय? या प्रश्नातून प्रेरणा घेऊन अनंत शास्त्रींनी १९९२ मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक गाठ तीन बहुपदींनी लिहिता येते. दोन्ही टोकं अनंताकडे सोडलेली, तिथे जोडलेली समजा.

त्यांची ट्रेफॉइल अशी. आडवी दिशा: ट चा घन वजा ३ट. उभी दिशा: ट चा चौथा घात वजा ट च्या वर्गाची चौपट. उंची: ट चा पाचवा घात वजा १०ट.

मी हे वहीत तपासलं, दहावीचं बीजगणित पुरतं. वरून पाहिलं तर रेषा स्वतःला तीनच ठिकाणी ओलांडते. ट च्या जोड्या अशा: उणे १.९३२ आणि ०.५१८, उणे १.७३२ आणि १.७३२, उणे ०.५१८ आणि १.९३२. प्रत्येक ठिकाणी उंची काढा. उणे १.९३२ ला उंची उणे ७.५९ येते आणि जोडीदार ०.५१८ ला उणे ५.१४, म्हणजे पहिला धागा खाली. असं करत ट वाढवत चाललं की क्रम येतो: खाली, वर, खाली, वर, खाली, वर. हीच ट्रेफॉइल. वास्तव संख्यांत बहुपदी बदलांनी ही रेषा सरळ करता आली असती, तर गाठ सुटली असती. ती सुटत नाही हे रंगांनी आधीच सांगितलंय. म्हणजे प्रतलात जे नेहमी जमतं ते इथे अडतं. संमिश्र संख्यांत मात्र जागा इतकी वाढते की गाठीचा हा युक्तिवाद चालत नाही.

महाराष्ट्रात हे काम थांबलेलं नाही. पुण्याच्या आयसरमध्ये रमा मिश्रा बहुपदी गाठींवर काम करतात, तर आयआयटी मुंबईत पी. रमादेवी भौतिकशास्त्राच्या वाटेने गाठींच्या खुणा शोधतात.

दाव्याचं काय झालं? आबांनी खिळा घातला, एक वेढा सैल केला आणि गाठ सोडली. टोकं मोकळी होती ना! मला सुटत नव्हती, एवढंच. सुटतच नाही म्हणायला आधी टोकं जोडावी लागतात आणि मग रंग द्यावे लागतात.

पुढच्या भागात भेटू. तोवर आठाच्या आकड्याची गाठ मारा आणि तिला तिच्या आरशातल्या प्रतिमेत बदलून बघा. ते जमतं, शब्द देतो.