फोटो सापडेल असा ठेवा



आमच्या घरी मोबाईल एकच. तो अण्णांचा. आजोबा वारले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. अण्णांनी मोबाईल उघडला तर आत हजारो फोटो! सुप्रभातची फुले, खताच्या पावत्या, बैल, लग्ने, सगळी खिचडी. रात्रभर शोधून फोटो मिळाला नाही. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून लावला. आजी म्हणाली, "हे आमचं माणूस नव्हंच."

सुट्टीत आत्या आली. तिने आणि मी आठ दिवस बसून काम केले. ते असे.

१) आधी नको ते पुसले. एकाच प्रसंगाचे दहा फोटो असतील तर चांगले दोन ठेवले. पुसण्याआधी अण्णांना विचारले, कारण पावतीही लागते.

२) प्रत्येक वर्षाचा एक फोल्डर केला. फोल्डर म्हणजे दप्तरातला कप्पाच.

३) आतल्या फोल्डरला नाव दिले : '२०२३-०५ काकाचे लग्न'. वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग. असे लिहिले की फोल्डर आपोआप काळाप्रमाणे ओळीने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. मे महिना ५ न लिहिता ०५ लिहायचा. नाहीतर काही यंत्रांत १० हा २ च्या आधी बसतो, कारण यंत्र पहिला आकडा बघते.

४) सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मोबाईल विहिरीत पडला तरी फोटो राहतील.

फोटो काढला की तारीख फोटोतच नोंदली जाते. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती नोंद बहुधा राहत नाही. त्याच्या नावातली तारीख पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे.

इथेच आमची चूक होती. काकाचे लग्न मे महिन्यातले. आम्ही मे महिनाच धुंडाळला. पण मामांनी ते फोटो दिवाळीनंतर पाठवले होते. ते डिसेंबरात, ऊसतोडीच्या फोटोंत जाऊन बसले होते. त्यांतच आजोबा सापडले! डोक्याला फेटा, तोंडभर हसू.

आता भिंतीवर तोच फोटो आहे. आजी म्हणाली, "आता कसं, आमचंच माणूस."

तर मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आजच शोधून, नाव देऊन ठेवा. वेळ आल्यावर शोधू म्हणाल तर आमच्यासारखी फजिती होईल.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी