वक्रतेचा घन

आलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी 1980 साली आइन्स्टाइनच्या समीकरणांत वक्रतेच्या वर्गाचं पद मिळवलं आणि नवजात विश्व क्षणार्धात अफाट फुगू शकतं हे दाखवलं. इन्फ्लेशनच्या असंख्य मॉडेलांतलं हे अजून टिकून आहे. पण वर्गावरच का थांबायचं? अतिउच्च ऊर्जेला घनाची, चौथ्या घाताची पदंही येणारच. लहान म्हणून ती सोडून देतात, इतकंच.

हे ‘लहान’ किती लहान, ते वहीत करून पाहण्यासारखं आहे. आधी सगळं गणित एका अदिश क्षेत्राच्या भाषेत आणायचं. मग ऊर्जेच्या आलेखात जवळजवळ सपाट पठार दिसतं. क्षेत्र त्यावरून इतकं सावकाश घरंगळतं, की विश्वाला 60 ई-फोल्ड, म्हणजे साठ वेळा e-पट, फुगायला सवड मिळते. आता घनाचं पद टाका. गुणक धन असेल तर पठार पुढे खाली वाकतं, ऋण असेल तर वर उचललं जातं. मी उणे एक दशसहस्रांश घेतला. शेवटून 60 ई-फोल्डच्या जागी उंचीत अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. कागदावर रेघ तीच वाटते. उतार मात्र सहाव्या हिश्शाने वाढलेला! गोम इथेच आहे. पठाराला मुळात उतारच नगण्य, त्यामुळे चिमूटभर भरही मोठी ठरते; आणि भाकितं निघतात ती उतारावरून, उंचीवरून नव्हे.

घनतेतल्या चढउतारांचा वर्णपट निर्देशांक यामुळे 0.967 वरून 0.973 च्या आसपास जातो. प्लांक उपग्रहाच्या 2018 च्या विश्लेषणात तो 0.965 होता. चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीच्या 2025 च्या नोंदी प्लांक आणि दीर्घिकांच्या मोजमापांशी जोडल्यावर तो 0.974 निघाला. लगेच मॉडेल अडचणीत आल्याची चर्चा, आणि लगेच घनाचं पद घेऊन धावून येणारे. मला दोन्हीकडची घाई खटकते. या मॉडेलची ऐट हीच होती, की त्याला पिळायला खुंटीच नव्हती. ती बसवली की कुठलाही सूर लावता येतो.

गुरुत्वीय तरंगांचा वाटा मात्र 0.003 वरून जेमतेम 0.004 पर्यंत सरकतो. हे तरंग शोधणाऱ्या बायसेप-केक प्रयोगाची 2021 ची वरची मर्यादा 0.036 आहे, जपानच्या नियोजित लाइटबर्ड उपग्रहाचं लक्ष्य 0.001 च्या अचूकतेचं. ऋण घनाने निर्देशांक सावरता येईल. पण त्या अचूकतेला हे तरंग दिसलेच नाहीत, तर तो घन या मॉडेलला वाचवू शकणार नाही.