नाव, नंबर आणि दोन दांड्यांची गिटार

रत्नागिरी जिल्ह्यातला कोणताही जाणता बागायतदार खोक्यावरच्या छापील अक्षरांवरून आतला आंबा कोठला हे ठरवत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतातला आंबा ‘रत्नागिरी हापूस’ या नावाने विकला जात असल्याची तक्रार दर मोसमात होतेच, आणि म्हणून तो देठ पाहतो, साल पाहतो, वास घेतो आणि शेवटी आंबा कापूनच बोलतो. हीच चिकित्सक नजर जुन्या विजेच्या गिटारीसमोर मात्र मिटते. नाटे, जैतापूर, मुसाकाजी या खाडीपट्ट्यातून माणसे मुंबईला, बोटींवर आणि आखातात गेली, तशी परदेशी घड्याळे, रेडिओ आणि क्वचित वाद्येही त्यांच्या ट्रंकांतून परतली. अशा वाद्यांत दोन दांड्यांची गिटार, म्हणजे एकाच धडावर दोन स्वतंत्र दांड्या आणि प्रत्येक दांडीला स्वतःच्या तारा, पडदे व घोडी असलेले वाद्य, निघालीच, तर तिच्या उगमाचा शोध बहुधा दोनच गोष्टी वाचून संपवला जातो: खुंट्यांजवळच्या माथ्यावर लिहिलेले नाव, आणि त्याच्या पाठीवर कोरलेला क्रमांक.

‘नाव आणि नंबर जुळला की गिटार अस्सल आणि तिचे सालही पक्के’ हा समज इतका घट्ट आहे, की विकणारे, विकत घेणारे आणि वारसाने मिळवणारे असे तिघेही तो सारख्याच निष्ठेने बाळगतात. तो चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द ज्या कंपनीच्या नावाचा हवाला दिला जातो तिच्या क्रमांकांतच आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामाझू येथे असलेल्या गिब्सनच्या कारखान्याने १९५८ साली आपल्या दोन दांड्यांच्या विजेच्या गिटारी बाजारात आणल्या. त्यांपैकी ईडीएस-१२७५ या प्रकारात एक दांडी बारा तारांची आणि दुसरी सहा तारांची असते. १९६० च्या दशकात या कारखान्याने क्रमांक देण्यात असा गोंधळ घातला, की १९६३ ते १९६९ या काळातील अनेक क्रमांक वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या नमुन्यांच्या गिटारींवर पुन्हा ठोकले गेले. १९७० ते १९७५ या वर्षांतील सहा आकडी क्रमांकही अशाच संदिग्ध अवस्थेत आहेत. त्या वाद्यांबाबत खात्रीने सांगता येते ते इतकेच, की १९७० पासून माथ्याच्या पाठीवर ‘मेड इन यूएसए’ ही अक्षरेही ठोकली जाऊ लागली. क्रमांकावरून तारीख सरळ वाचता येते ती १९७७ नंतर. तेव्हापासूनच्या आठ आकड्यांत पहिला व पाचवा आकडा मिळून वर्ष सांगतो, मधले तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात, आणि शेवटचे तीन आकडे त्या दिवशीचा अनुक्रम व त्यावरून कारखाना सांगतात. उदाहरणार्थ, ८०४५१६२० असा क्रमांक असेल, तर ते वाद्य १९८१ सालच्या पंचेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे १४ फेब्रुवारीला, नॅशव्हिलच्या कारखान्यात क्रमांकित झाले असे म्हणता येते, कारण त्या काळी पाचशेपासून पुढचे अनुक्रम नॅशव्हिलचे असत. ज्या काळातल्या गिटारींना ‘दुर्मीळ’ म्हणून मोल येते, त्या काळाला मात्र ही सोय लागू नाही. शिवाय क्रमांक कोरायला एक ठोकणी आणि अर्धा तास पुरतो, हे सांगावे लागू नये, पण लागते.

नावाची गोष्ट याहून सोपी आहे. भारतीय बाजारात ‘गिव्हसन’ आणि ‘हॉबनर’ या नावांच्या गिटारी वर्षानुवर्षे उजळ माथ्याने विकल्या गेल्या, आणि गिब्सन व जर्मनीची होनर यांच्याशी त्यांचे नाते एका अक्षराच्या फरकाचेच होते. ती देशी वाद्ये देशी म्हणूनच घेतली जात असल्याने त्यात गैर काही नव्हते, परंतु पुसट झालेली अक्षरे तीस-चाळीस वर्षांनी आशेने वाचली की ‘व्ह’चा ‘ब’ व्हायला वेळ लागत नाही.

मग उगम ठरवायचा कसा? कोकणातल्या भजनी मंडळाची पेटी डोळ्यांसमोर आणली, तर उत्तर सापडते. जुन्या पेटीतले सूर, म्हणजे वाऱ्याने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या, पॅरिसचे किंवा जर्मनीचे असू शकतात, बदलून टाकलेले काही सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे असू शकतात, भाता तिसऱ्याच गावी नव्याने बसवलेला असतो आणि खोका स्थानिक सुताराचा असतो. ‘ही पेटी कोठली?’ या प्रश्नाला तिथे एका शब्दात उत्तर नसते. विजेची गिटारही सुट्या भागांची जुळणी आहे, आणि प्रत्येक भागाला स्वतःची तारीख आहे. यातला नियम असा, की कोणत्याही भागाची तारीख वाद्याची तारीख नसून तिची सर्वांत आधीची मर्यादा असते: भाग मूळचा असेल, तर वाद्य त्या तारखेच्या आधीचे असू शकत नाही, नंतरचे कितीही असू शकते.

या भागांत सर्वांत बोलका भाग आवाज कमी-जास्त करण्याच्या कळीखाली दडलेला असतो. त्याला पोटेन्शिओमीटर, कारागिरांच्या भाषेत ‘पॉट’, म्हणतात, आणि अमेरिकी पॉटच्या धातूच्या कवचावर बहुधा सहा किंवा सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे एक किंवा दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६३४२ असा आकडा असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६३ म्हणजे १९६३ आणि ४२ म्हणजे बेचाळिसावा आठवडा, अर्थात ऑक्टोबरचा मध्य. हे आकडे वाचून लगेच ‘गिटार १९६३ ची’ असे जाहीर करणाराही नंबरवाल्यांच्याच पंथातला म्हणावा लागतो. फेंडर कंपनीने १९६६ साली पॉटचा इतका मोठा साठा घेऊन ठेवला, की त्या वर्षाचे पॉट दशकाच्या अखेरपर्यंतच्या गिटारींत सापडतात. आणि वर्षासाठी एकच आकडा असलेल्या जुन्या खुणांत ४ म्हणजे १९४४ की १९५४ हे पॉट सांगत नाही. म्हणून पॉटवरच्या डाखेकडेही पाहावे लागते. कारखान्यातला डाख कधीच वितळवला गेला नसेल तर त्याचा थर एकसंध आणि मंद दिसतो, तर दुरुस्तीचा डाख वेगळ्या चकाकीचा आणि बहुधा ओघळलेला असतो. दोन दांड्यांच्या गिटारीत तारांचे जाळे दुप्पट आणि कोणती दांडी चालू ठेवायची याचे बटनही जादा, त्यामुळे तिथे दुरुस्तीचा हात फिरलेला असण्याचा संभवही अधिक.

दुसरा साक्षीदार पिकअप. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला हा भाग पोलादी तारांच्या कंपनाचे विजेच्या स्पंदनात रूपांतर करतो. गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून विजेची घरघर नाहीशी करणारा पिकअप तयार केला, आणि १९५७ पासून त्याच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली जाऊ लागली; १९६२ च्या सुमारास तिच्या जागी पेटंट क्रमांकाची चिठ्ठी आली. तो क्रमांक २७३७८४२. नंबरावर श्रद्धा असणाऱ्यांनी इथे थांबावे, कारण हे पेटंट त्या पिकअपचे नाहीच. ते लेस पॉल यांच्या नावावरचे, तारा अडकवण्याच्या पट्टीचे पेटंट आहे. लव्हर यांच्या पिकअपला १९५९ साली मिळालेले पेटंट २८९६४९१ या क्रमांकाचे आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या दप्तरात दोन्ही कोणालाही पाहता येतात. थोडक्यात, या पिकअपखाली ‘बरोबर’ क्रमांक सापडला तर तो संशयास्पद, आणि चुकीचा क्रमांक सापडला तर तो काळाशी सुसंगत.

नावाच्या आहारी गेल्याने फसवणूक होते ती एक बाजू झाली. त्याच सवयीने अस्सल दुर्मीळ वाद्य हातचे जाते ही दुसरी, आणि ती अधिक खेदाची आहे. मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी स्ट्रॅटोस्फिअर नावाच्या लहानशा कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे गिब्सनच्या आधी, सहा आणि बारा तारांच्या दोन दांड्यांची विजेची गिटार विक्रीसाठी तयार केली होती. तिच्या बारा तारांतल्या जोड्या नेहमीप्रमाणे एका सुरात किंवा सप्तकाच्या अंतराने न लावता तिसऱ्या सुराच्या अंतराने लावल्या जात, त्यामुळे एकाच वादकाच्या बोटांतून दोन गिटारी संवादी सुरांत वाजत असल्याचा भास होई. जिमी ब्रायंट या वादकाने १९५४ साली तिच्यावर केलेले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. कंपनी लवकरच बुडाली. असे वाद्य आज कोणाच्या माळ्यावर सापडले आणि पाहणाऱ्याला फक्त दोन-तीन नावेच ठाऊक असली, तर तो त्याला ‘कुठली तरी नक्कल’ म्हणून निकालात काढील.

नकलांबद्दलही एक आवडती दंतकथा आहे. १९७० च्या दशकात जपानी कारखान्यांनी गिब्सनच्या बहुतेक नमुन्यांच्या, दोन दांड्यांच्याही, उत्तम प्रती काढल्या, आणि ‘गिब्सनने खटला भरून ज्यांचे उत्पादन बंद पाडले त्या या गिटारी’ असे सांगून त्यांची किंमत वाढवली जाते. प्रत्यक्षात गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने जून १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एकच दावा दाखल केला, तो इबानेझ या नावाच्या गिटारींचे वितरण करणाऱ्या एल्गर कंपनीविरुद्ध होता, त्याचा विषय माथ्याचा आकार एवढाच होता, तो आकार इबानेझने दाव्याआधीच बदललेला होता, आणि प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. उरलेल्या डझनभर जपानी नावांवर खटला झालाच नाही. या प्रती हलक्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. १९७५ पूर्वीच्या बहुतेक इबानेझवर क्रमांकच नसल्याने त्या ओळखताना नंबरवाल्यांची पंचाईत होते, एवढेच.

दोन दांड्यांची गिटार जिमी पेज याने आणली, हा समज तरुण वाद्यप्रेमींत सर्वाधिक ऐकू येतो. पेजच्या लेड झेपेलिन या बँडच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याचे १९७१ साली प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या गिटारींवर झाले होते. तेच गाणे मंचावर गिटार न बदलता वाजवता यावे म्हणून पेजने ईडीएस-१२७५ हाती घेतली. त्याआधी शिकागोचा अर्ल हूकर अशी गिटार वाजवत होता, त्याहीआधी सेमी मोझली या कारागिराने १९५४ साली जो मॅफिससाठी आणि पॉल बिग्सबीने १९५२ साली ग्रेडी मार्टिनसाठी अशी वाद्ये घडवली होती, आणि वीज बाजूला ठेवली, तर अलेक्झांडर व्होबोआम याने १६९० साली पॅरिसमध्ये बनवलेली दुहेरी गिटार व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. विजेच्या वाद्यांत दोन दांड्यांची खरी गरज प्रथम हवाईयन गिटारवाल्यांना भासली. तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवण्याच्या त्या पद्धतीत बोटांनी हवे तसे स्वरसमूह धरता येत नाहीत, त्यामुळे वेगळ्या स्वरजुळणीसाठी वेगळी दांडी लागते, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस गिब्सनच्याच यादीत अशी दुहेरी हवाईयन गिटार होती. भारतात, विशेषतः हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्यांमुळे, व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या काळात विजेची हवाईयन गिटार घरोघरी ऐकली गेली होती; म्हणून इथे दोन दांड्यांचे जुने वाद्य सापडले, तर प्रथम तारांची उंची पाहावी. तारा दांडीपासून बोटभर वर असतील आणि पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतील, तर पेज आणि ईडीएस यांची चर्चा तिथेच संपते.

किरकोळ समजांना फार जागा देण्याचे कारण नाही. गंजलेली खुंटी जुनेपण सिद्ध करत नाही: नाट्यासारख्या समुद्रालगतच्या गावी निकेलचा मुलामा दोन पावसाळ्यांत काळवंडतो. रोगणावरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा थंडी-उष्म्याच्या अचानक फरकाने पडतात, त्यामुळे आयुष्यभर कोकणात राहिल्याचे सांगितले जाणाऱ्या गिटारीवर त्या दाट दिसल्या, तर ती हकिकत पुन्हा विचारावी. दांडीवरची पट्टी आपल्याकडच्या शिसवीची आहे म्हणून गिटार भारतीय ठरत नाही; ब्राझीलच्या शिसवीची आवक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आटल्यावर अमेरिकी कारखाने भारतीय शिसवीकडे वळले, मार्टिन कंपनीने तर १९६९ पासून. उलट पट्टी खरोखर ब्राझीलच्या शिसवीची असेल, तर १९९२ पासून त्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आहेत, आणि कागदपत्रांशिवाय असे वाद्य देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘पुरातन वस्तू म्हणून सरकार जप्त करील’ ही भीती मात्र निराधार आहे: १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि विजेची गिटार विक्रीस आली तीच मुळी १९३२ साली.