समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट कोर्टात मागता येते का? पेनसिल्व्हेनियातल्या एका फाईलने उभा केलेला प्रश्न

एप्रिल लागला की इन्स्टाग्रामवर हिरवट-निळ्या रिबिनींच्या पोस्ट दिसायला लागतात. अमेरिकेत हा लैंगिक अत्याचारांविषयी जनजागृतीचा महिना. २००१ मध्ये तो पहिल्यांदा देशभर पाळला गेला. त्याची जुळवाजुळव ज्या संस्थेने केली, ती वर्षभर आधी पेनसिल्व्हेनियातल्या एका राज्यव्यापी संघटनेने उभी केली होती. तिचं तेव्हाचं नाव ‘पेनसिल्व्हेनिया कोअलिशन अगेन्स्ट रेप’.

रिबीन बाजूला ठेवू. या संघटनेची गरज काय होती, हे समजायचं तर एका फाईलकडे जावं लागतं.

सुरुवात कुठून झाली?

१९७२ मध्ये पिट्सबर्ग शहरात काही बायकांनी ‘पिट्सबर्ग ॲक्शन अगेन्स्ट रेप’ नावाचं मदत केंद्र सुरू केलं. त्याच सुमारास राज्याच्या दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियातही असंच काम उभं राहत होतं. पीडितेचा फोन घ्यायचा, तिच्यासोबत हॉस्पिटलमध्ये जायचं, कोर्टात तिच्या शेजारी बसायचं. काम साधं दिसतं, पण तोपर्यंत हे करणारं कोणी नव्हतं.

१९७५ मध्ये अशी मोजकी केंद्रं एकत्र आली आणि राज्यव्यापी संघटना झाली. अमेरिकेतल्या अशा सर्वांत जुन्या संघटनांपैकी ही एक.

आणि मग फाईल मागितली गेली

पिट्सबर्गमधल्या बलात्काराच्या एका खटल्यात आरोपीच्या वकिलाने केंद्राकडची पीडितेची फाईल मागितली. तिने समुपदेशकाला काय सांगितलं, हे त्याला बघायचं होतं. केंद्राच्या संचालक ॲन प्राइड यांनी नकार दिला. कोर्टाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं.

प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १९८१ मध्ये निकाल आला: पूर्ण गोपनीयता देता येणार नाही, घटनेबद्दल पीडितेने जे सांगितलं असेल ते बचाव पक्षाला मिळू शकतं.

आता विचार करा. मध्यरात्री रडत फोन करणारी मुलगी नीट क्रमाने बोलत नाही. ‘माझंच चुकलं’ असंही ती म्हणून जाते. तेच वाक्य वर्षभराने कोर्टात तिच्यासमोर वाचलं जाणार असेल, तर ती फोन करेल का?

एकटं केंद्र फार तर वकील लावू शकतं. कोर्टाने दार बंद केल्यावर कायदाच बदलायचा, तर राज्यभरातल्या आमदारांना पटवावं लागतं. केंद्रं सुटी सुटी न राहता एकत्र असण्याचा उपयोग इथे कळतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कायदा झाला: पीडितेच्या लेखी संमतीशिवाय समुपदेशकाला तिचं बोलणं उघड करता येणार नाही.

पण कोणता समुपदेशक? मदत केंद्रात काम करणारा आणि ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेला. मला हा बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या काकूंना किंवा मैत्रिणीला सांगितलेल्या गोष्टीला हे संरक्षण नाही. म्हणजे गोपनीयता हवी तर प्रशिक्षण हवं, आणि तेही राज्यभर एकाच मापाचं.

आरोपींच्या बाजूने प्रश्न उरलाच. आयुष्याची अनेक वर्षं तुरुंगात जाणार असतील, तर बचावाचा पुरावा त्या फाईलमध्ये असू शकतो, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो ऐकला आणि गोपनीयता पूर्णच राहील असं ठरवलं.

(आपल्याकडे? २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम पती-पत्नीतल्या आणि वकील-अशिलातल्या बोलण्याला संरक्षण देतो. ‘सखी’ केंद्रातल्या समुपदेशकाशी झालेल्या बोलण्यासाठी त्यात अशी वेगळी तरतूद नाही.)

‘नाही’ म्हटलं, तरी बलात्कार नाही?

१९९४ मध्ये याच कोर्टाच्या आणखी एका निकालाने खळबळ उडवली. कॉलेजच्या वसतिगृहातली घटना होती. मुलगी वारंवार ‘नाही’ म्हणत होती, हे कोर्टासमोर आलं होतं. पण बळजबरी सिद्ध होत नाही, म्हणून बलात्कारही सिद्ध होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने नवा गुन्हा कायद्यात घातला: संमतीशिवायचा संभोग, बळजबरी सिद्ध होवो न होवो.

पैसे कुठून येतात?

आज राज्याच्या ६७ पैकी ६७ जिल्ह्यांपर्यंत केंद्रांचं काम पोचतं. सरकारी निधी संघटनेमार्फत केंद्रांना वाटला जातो आणि कामाची तपासणीही संघटनाच करते. थोडक्यात, मैत्रीणही तीच आणि इन्स्पेक्टरही तीच. हे नातं अवघड आहे, पण निधी मागायला प्रत्येक केंद्राने वेगवेगळं जाण्यापेक्षा बरं.

केंद्रांसाठी पैशाचा एक मोठा स्रोत म्हणजे १९८४ च्या कायद्याने तयार झालेला केंद्र सरकारचा गुन्हे-पीडित निधी. त्यात प्रामुख्याने केंद्रीय गुन्ह्यांमधले दंड जमा होतात. दंड कमी वसूल झाले की निधी आटतो, आणि अलीकडच्या वर्षांत राज्यांना मिळणारी रक्कम घटली आहे. मोठ्या शहरात देणगीदार तरी शोधता येतात. डोंगराळ जिल्ह्यातल्या छोट्या केंद्रात एक समुपदेशक कमी झाली, तर रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये कोण जाणार?